न चाखलेल्या खळीचं पाकीट

आदरणीय विहीणबाई यांना सप्रेम नमस्कार.

प्रथम पाकिटाबद्दल. हे पाकीट तुमच्या हाती पोचेपर्यंत वाटेतच उघडलं असेल, तर पोस्टमनवर संशय घेऊ नये. तो भला माणूस आहे, आणि आपल्या दोघींच्या पत्रांत त्याला रस वाटावा असं आजवर काही नव्हतंच (या पत्रात आहे, पण ते त्याला कुठून ठाऊक असणार). पाकीट उघडण्याचं कारण वेगळं आहे आणि ते शेवटी येईल. जन्मभर पुस्तकं बांधून पोट भरणाऱ्या बाईनं पाठवलेलं पाकीट वाटेत सुटावं ही नामुष्कीच, पण सध्या माझ्या दाराशी नामुष्कींची रांग लागली आहे, तेव्हा हिला जरा मागे उभं राहावं लागेल.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही नीट पार पडल्याचं चिरंजीवांकडून कळलं. बरं वाटलं. वाकू नका, जड उचलू नका, डोळ्याला पाणी लागू देऊ नका, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी इतक्यात भरतकाम हातात घेऊ नका. पट्टी निघून वाचायचा चष्मा मिळेपर्यंत तुम्हाला स्वतःला वाचता येणार नाही, म्हणजे हे पत्र तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवत असणार. कोण वाचत असेल याची चौकशी मी करत नाही. जी कोणी व्यक्ती असेल तिला एवढीच विनंती, की कंसातला मजकूर तिनं मनातल्या मनात वाचावा. (आभारी आहे.)

आता मूळ विषय. तुमची कन्या, म्हणजे माझी सून, तुमच्या पहिल्या डोळ्याच्या वेळी तुमच्याकडे आली ती अजून तिथेच आहे. आल्यागेल्याला दोन्ही घरांतून आपण एकच सांगतो, आईचे डोळे आहेत, मुलीनं नको का जायला. हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला जे बोलले ते ऐकून, तुमचे डोळे ठणठणीत असते तरी ती गेलीच असती. तिनं तुम्हाला हे सांगितलं नसणार. ती कोणाची चुगली करत नाही, आणि तिचा हा गुण मला पहिल्यापासून गैरसोयीचा वाटत आलाय. आता दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी येत्या आठवड्यात निघेल, म्हणजे सबब संपली. माणसाला तिसरा डोळा नसतो (तुम्हाला असलाच, तर हे पत्र ऐकून तो उघडू नये अशी हात जोडून विनंती). पट्टी निघाल्यावर ती इकडे येते की तिकडेच राहते ते ठरेल. ते ठरण्याआधी झालेली गोष्ट तुमच्या कानावर माझ्याकडून जावी, म्हणून हा खटाटोप.

तुम्हाला आठवत असेल, गेलं वर्षभर माझं पोट बिनसलेलं होतं. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं व्हायचं, वजन उतरत चाललं होतं, आणि बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायला आमच्याकडे जो लोखंडी शिकंजा आहे त्याचा दांडा फिरवताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. सल्ले द्यायला कोणी कमी नव्हतं. कोणी ओवा सांगितला, कोणी उपास, आणि खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी तर मन शांत ठेवायला सांगितलं, तेही दार इतक्या जोरात वाजवून की माझं होतं ते मनही अशांत झालं. शेवटी चिरंजीव मला पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी रक्त घेतलं, घशातून कॅमेरा घातला, आणि आतड्याच्या आतली मखमल झडून गेली आहे असं सांगितलं. मखमलीचं बाइंडिंग झिजलं की कसं दिसतं हे मला कोणी शिकवायला नको, त्यामुळे मला ते पटकन समजलं. कारण काय, तर गहू. गव्हात, जवात आणि त्यांच्या एकदोन भाऊबंदांत ग्लूटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो माझ्या आतड्यांना मानवत नाही. आजपासून गहू बंद, मैदा बंद, रवा बंद, पाव, बिस्किटं, केक, नूडल्स सगळं बंद, कणभरही नको, आणि हे जन्मभर. मी गव्हाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे.

डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाता का? मी ठामपणे नाही म्हटलं. ते खरंच होतं. माझं सगळं खाणं घरचं, वेळेवर आणि पाटावर नाही तरी खुर्चीवर बसून. हा प्रश्न आणि हे उत्तर कृपया ध्यानात ठेवावं.

घरी आल्यावर माझ्या पथ्याचा ताबा सूनबाईंनी घेतला. आता तिची नोकरी वजनमापं तपासण्याची, हे मी तुम्हाला काय सांगू. पण तुम्ही तिला नोकरी करताना पाहिलं असेल, नोकरीतली शिस्त स्वयंपाकघरात आलेली पाहिली नसेल. पहिल्या दिवशी तिनं कपाटातली प्रत्येक बाटली, डबा आणि पुडी टेबलावर मांडली आणि मागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. सोयाच्या सॉसमध्ये गहू निघाला. सूपच्या वड्यांत निघाला. मी कित्येक वर्षं विश्वासानं घेत असलेल्या खोकल्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर काही लिहिलेलंच नव्हतं, तर तिनं कंपनीला फोन लावला. माझी पातेली वेगळी, चाळणी वेगळी, लाकडी चमचे नवे. माझ्या कामाच्या खोलीतून बाइंडिंगच्या लाल कापडाच्या पट्ट्या नेऊन तिनं माझ्या प्रत्येक भांड्याच्या कानाला बांधल्या. माझं फडताळ सगळ्यांत वरचं, कारण खालचा चुरा वर उडत नाही, वरचा खाली पडतो. हे मला आयुष्यात सुचलं नसतं. मग तिनं घरातला गहूच बंद केला. माझ्यासाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं करत बसण्यात चूक होण्याचा संभव असतो, असं म्हणाली. चिरंजीवांनी आठवडाभर तोंड पाडलं आणि मग भातावर समाधान मानलं.

ती पावही घरीच करायला लागली. तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ, बटाट्याचं सत्त्व, सगळं ग्रॅममध्ये मोजून. पहिला पाव बाहेर आला तेव्हा मी म्हटलं की हा मी पुठ्ठा म्हणून वापरला असता, पण याचे कोपरे काटकोनात नाहीत. चिरंजीव हसले. ती हसली नाही, पण पुढच्या पावाचे कोपरे काटकोनात होते. (तो पाव चांगला होता. मी दोन तुकडे जास्त खाल्ले आणि पोटासाठी खाल्ले असं दाखवलं.)

इतकं सगळं होऊनही माझं पोट जागेवर येईना. थोडं बरं वाटायचं, पुन्हा बिघडायचं. काही महिन्यांनी रक्त तपासलं तर आकडे जिथल्या तिथे. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोच आहे, घरात शोधा. विहीणबाई, डॉक्टरांनी नुसतं शोधा म्हणायला नको होतं. माझ्यासारख्या बाईला शोधा म्हटलं की ती वस्तू शोधत नाही, माणूस शोधते. घरात माणसं तीन. त्यांतली एक मी. चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात आणि स्वयंपाकघरात फक्त चहा कुठे आहे हे विचारायला येतात. मग उरलं कोण? त्यात एक दिवस मी सूनबाईंचा कोट खुंटीवर सरळ करून ठेवत होते (सरळच करत होते, खिसे तपासत नव्हते, निदान सुरुवातीला तरी) आणि खिशातून चुरा पडला. बोटावर घेऊन पाहिला. पावाचा चुरा, वर साखरेचे दाणे. कोपऱ्यावरच्या बेकरीतला तो गोड पाव, जो तिला लग्नाआधीपासून आवडतो आणि जो आमच्या घरात येणं तिनंच बंद केलं होतं.

मी तशीच बोट पुढे धरून स्वयंपाकघरात गेले. ती माझ्यासाठी भात वाढत होती. मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही, कारण ते वाचणाऱ्याच्या तोंडी येणं बरं नाही. मथितार्थ असा, की माझ्या पोटात गहू तूच घालतेस, आणि वर काटे आणि मापं दाखवून साळसूदपणाचा आव आणतेस. तिनं लाल पट्टीचा चमचा खाली ठेवला आणि एवढंच म्हणाली, "आई, परक्या दुकानदाराच्या काट्यावर मी कधी खोटा शिक्का मारला नाही. तुमच्या ताटात मारीन?" मग उरलेला भात वाढून तिनं ताट माझ्यापुढे ठेवलं. स्वतः जेवली नाही. सकाळी तुमच्या डोळ्यांसाठी म्हणून निघाली. जाताना माझी भांडी घासून, पट्ट्या सुकवून, पुन्हा बांधून गेली.

आणि आता ऐका नशिबाचा खेळ. ती गेली त्याच दिवशी माझं मन थाऱ्यावर नव्हतं. कातडं तासताना रापीचं पातं निसटलं आणि उजव्या हाताचा अंगठा चांगलाच कापला. टाके पडले, एवढं मोठं बँडेज आलं, आणि काम बंद झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी कामाच्या खोलीला कडी घालून नुसती बसून राहिले. डाव्या हातानं भात, बटाटे, अंडी असं उकडून खायचं आणि खिडकीतून समोरच्या गॅरेजात गाड्या धुताना बघायचं. आणि विहीणबाई, माझं पोट सुधारलं. नुसतं सुधारलं नाही, शहाण्या मुलासारखं गप्प बसलं. गालांवर रंग आला. जिना चढून दम लागेना. चिरंजीवांना मी रोज रात्री जेवताना सांगायचे, बघ, ती गेली आणि मी बरी झाले, आता तूच काय तो हिशेब कर. चिरंजीवांनी आयुष्यभर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं सोडवली, आता ते स्वतः तिथे अडकले होते आणि त्यांना वरूनही कोणी ओढत नव्हतं, खालूनही. जेवण झालं की बायकोला फोन लावायला गच्चीत जायचे.

त्याच दिवसांत मी तुम्हाला मागचं पत्र डाव्या हातानं लिहिलं. अक्षर वाकडं होतं, पण मजकूर त्याहून वाकडा होता. त्यात एक वाक्य असं होतं, की तुमची कन्या इथून गेल्यापासून माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य मी लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं होतं आणि मला ते फार जमलं आहे असं वाटलं होतं. ते तुम्ही आता विसरावं. (ते पत्र तुम्हाला कोणी वाचून दाखवलं असेल हे माझ्या डोक्यात पत्र पेटीत टाकल्यावर आलं. टपालपेटीत हात जात नाही. मी घालून पाहिला.)

अंगठा बरा झाला तसं मी काम पुन्हा सुरू केलं. सार्वजनिक वाचनालयाचे जाडजूड खंड येऊन पडले होते, कण्यातून सुटलेले, काहींचे फर्मे, म्हणजे शिवलेल्या पानांचे जुडगे, सुटे झालेले. मी हुरुपानं लागले. आठवड्यात पोट पुन्हा नगारा. आता घरात सूनबाई नाही. स्वयंपाक मी करते, भांडी मी घासते, भाताला हात माझा. मी पहिल्यांदा चिरंजीवांवर संशय घेतला, पण चहा कुठे आहे हे न कळणाऱ्या माणसाला कट करणं जमत नसतं. मग तांदूळवाल्यावर घेतला. मग नळाच्या पाण्यावर घेतला आणि दोन दिवस पाणी गाळून उकळून प्यायले. माझ्या मनात सगळ्या जगाबद्दल शंका येऊन गेली, एक मी सोडून.

मग एका सकाळी मी कामाच्या खोलीतल्या शेगडीवर खळ शिजवत होते. पुस्तकाला पुठ्ठा लागतो तो खळीनं, आणि खळ म्हणजे मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर घोटायचा, चिमूटभर तुरटी टाकायची. ती शिजली की नाही हे बघून कळत नाही. कच्ची आणि शिजलेली दिसायला सारखीच. हे फक्त जिभेला कळतं. कच्ची असली की पिठूळ लागते, नीट शिजली की गोडसर आणि गुळगुळीत, तुरटी जास्त झाली की जीभ आखडते. माझ्या वडिलांनी मला हेच शिकवलं, त्यांना त्यांच्या उस्तादानं. त्या सकाळी मी नेहमीसारखी उलथन्यावरची खळ अंगठ्यावर घेतली, जिभेवर ठेवली, अजून कच्ची आहे असं स्वतःशी म्हणाले, आणि अंगठा तोंडात असतानाच जागच्या जागी उभी राहिले. खालून खळ लागली. जळका वास सुटला. मी गॅस बंद केला नाही.

कारण खळ चाखणं हे तर सकाळचं झालं. मग दिवसभर फर्मे सुटे करायला तोच अंगठा जिभेला लावायचा. दोरा ओवायचा तर टोक तोंडात धरून ओलं करायचं, आणि दोरा खळीच्याच हातांतून आलेला. हा मैदा खाण्याचा नव्हे, कामाचा, म्हणून घरातला गहू बंद झाला तेव्हा तो कोणाच्याच मोजणीत आला नव्हता. दिवसाकाठी माझ्या पोटात जेवढी खळ जात होती तेवढ्यात एखादं बारीकसं पुस्तक बांधून झालं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा तर तोंडात होता आणि मी वळसा घालत होते सुनेच्या खिशाला. अंगठ्याला बँडेज होतं तेवढे दिवस अंगठा तोंडात गेला नाही, म्हणून पोट बरं झालं. सून घरात नव्हती म्हणून नव्हे. हे मी इथे स्पष्ट लिहिते आहे. (हे मात्र मोठ्यानं वाचावं, आणि सावकाश.)

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि हे आधी का सांगितलं नाही म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुम्ही खाण्याबद्दल विचारलं होतं, कामाबद्दल नाही. शिंपी तोंडात टाचण्या धरतो म्हणून तो टाचण्या खातो असं कोणी म्हणत नाही. मग त्यांनी मैदा हाताळताना नाकातोंडाला फडकं, हातात मोजे आणि चाखणं कायमचं बंद, असं सांगून मला वाटेला लावलं.

चिरंजीवांनाही सांगितलं, जेवताना. ते बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, तो गोड पाव ती बेकरीसमोर उभ्यानं खायची, आठवड्यातून एखाद्या वेळी, फारच वाटलं तर. मग खालच्या नळावर चूळ भरायची, हात कोपरापर्यंत धुवायची, कोट झटकायची आणि मग वर यायची. आई, तुझ्यासाठी. एवढं लांब वाक्य ते लग्नानंतर प्रथमच बोलले असतील. थंडीत उघड्यावर उभं राहून एक पाव खायचा, तोही चोरासारखा, आणि त्याचा चुरा मी पुरावा म्हणून बोटावर धरला होता. मला माझी फार लाज वाटली, विहीणबाई. हे लिहायला मी आठ दिवस घेतले आणि त्यातले सात या एका वाक्यासाठी गेले.

बाकी इकडचं म्हणाल तर खळीनं माझा अंत पाहिला आहे. लोक म्हणतात डब्यातला पांढरा गोंद आणा. तो आणता येतो, पण तो एकदा बसला की बसला. उद्या पुस्तक पुन्हा दुरुस्तीला आलं तर कागद फाटेल पण गोंद सुटणार नाही. मैद्याची खळ कोमट पाण्यानं मऊ होऊन सुटते, म्हणून मोडलेलं पुन्हा जोडता येतं. तांदळाची खळ करून पाहिली. माझ्या हाताला जमली नाही. वाचनालयाच्या बाईंनी शब्दकोश उचलला तर पुठ्ठा त्यांच्या हातात आणि शब्दकोश त्यांच्या पायावर. तेव्हा मैदाच. आणि मैदा म्हटलं की चाखणं आलं. सवय मोडावी म्हणून नखं खाणाऱ्या मुलांना लावतात ते कडू औषध मी अंगठ्याला लावलं. पहिले दोन दिवस तोंड वाकडं झालं, तिसऱ्या दिवसापासून मला ती चव आवडायला लागली. मोजे घातले, तर मोजा चाटला. शेवटी नाकातोंडाला फडकं घट्ट बांधलं, तेव्हा कुठे जीभ हद्दीत राहिली. पोट आता बरं आहे. खळ मात्र रामभरोसे. चिरंजीवांना चाखायला सांगितली. कच्ची दिली, ठीक आहे म्हणाले. करपलेली दिली, ठीक आहे म्हणाले. परवा चुकून वाटीत नुसतं पाणी होतं, तेही ठीक आहे म्हणाले.

असो. लिहायचं बरंच होतं, त्यातलं बरंचसं लिहून झालं. डोळ्यांची काळजी घ्यावी. व्याह्यांना नमस्कार सांगावा. माझ्यावर लोभ होता तेवढा उरला असेल अशी आशा नाही, पण जो काही तळाशी राहिला असेल तो खरवडून का होईना, ठेवावा.

आपली,
विहीण

ता. क. मी आता पाव घरी करून पाहते आहे. तो फुगत नाही, बसतो. तुमच्या कन्येला प्रमाण विचारून कळवावं. ग्रॅममध्येच कळवावं, माझा मूठ-चिमटीवर आता विश्वास राहिलेला नाही. तिच्या पावाला मी पुठ्ठा म्हटलं होतं. माझ्या पावाला शिकंज्यात घातलं तरी आकार येत नाही.

ता. क. दुसरा. स्वयंपाकघरातलं सगळ्यांत खालचं फडताळ मी रिकामं करून पुसून घेतलं आहे. तिथे एक ताटली, एक सुरी आणि एक झाकणाचा डबा ठेवला आहे, आणि तिघांनाही निळ्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या आहेत. निळं म्हणजे गहू. खालचा चुरा वर उडत नाही, हे मला आता ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला मी सांगून ठेवलंय की आमच्या घरासाठी गोड पाव बाजूला काढून ठेवत जा. तो म्हणाला, त्या बाई बरेच दिवस दिसल्या नाहीत. मी म्हटलं, आईचे डोळे आहेत.

ता. क. तिसरा, आणि हा विहीणबाईंसाठी नाही. विहीणबाईंनी हवं तर ऐकावा, पण हा वाचणारीसाठी आहे. कंस संपले आहेत, त्यामुळे मोठ्यानंच वाचावा लागेल.

बाळ, माझ्या ताटात तू कधी खोटा शिक्का मारला नाहीस. मला ते त्या संध्याकाळीही ठाऊक होतं, फक्त पोट दुखत होतं आणि दुसरं कोणी समोर नव्हतं. तुझ्याकडे एक मागणं आहे. मला खळ चाखायची बंदी आहे आणि तुझ्या नवऱ्याला चव नाही. घरात एक भरवशाची जीभ हवी आहे. रोज सकाळी कामावर जाण्याआधी, चिमूटभर. तू कच्ची म्हणालीस तर मी पुन्हा घोटीन, शिजली म्हणालीस तर न बघता कण्याला लावीन, वाचनालयाच्या सगळ्यांत जाड खंडालासुद्धा. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या जिभेवर पुस्तक बांधत नाहीत. माझ्या वडिलांनी माझ्याही जिभेवर बरीच वर्षं बांधलं नव्हतं.

हे पाकीट तुझ्या नवऱ्यानं 'ठीक आहे' म्हटलेल्या खळीनं चिकटवलं आहे. उघडं पोचलं असेल तर काय ते समज. बंद पोचलं असेल, तरी ये.